फक्कीची रेघ

‘अर्जदाराचा या खेळातील अनुभव’ या चौकटीत त्याने ‘वीस वर्षे’ असं लिहून टाकलं, आणि पेन उचलल्यावर आपण काय लिहिलं ते त्याला कळलं. अक्षर सुरेख आलं होतं, हीच तर पंचाईत. गिचमिड लिहिलं असतं तर हात घसरला म्हणता आलं असतं. पण चित्रकलेच्या मास्तराचा हात खोटं लिहितानाही घसरत नाही. वीस वर्षे खरी होती. त्या प्राथमिक शाळेत तो वीस वर्षं चित्रकला शिकवत होता. फुटबॉल शिकवत होता दीड वर्ष, आणि खेळला तर तो जन्मात नव्हता. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत त्याच्या पायाला फुटबॉल लागला असेल तर तो रस्त्यात आडवा आला म्हणून. आता समोर तीन पानी अर्ज, त्यात सातव्या चौकटीत निळ्या शाईत बसलेली वीस वर्षे, आणि पलीकडच्या टेबलामागे बसलेली मुलगी, जिने अर्ज हातात देतानाच बजावलं होतं, ‘‘खोडाखोड नको हं सर. स्कॅन होऊन वर जातो. खोडलेला अर्ज मशीनच परत पाठवतं.’’ मशीन म्हणताना तिने छताकडे बोट केलं होतं, जणू ते वरच्या मजल्यावर खुर्चीत बसलेलं असावं. त्याने पेनाला टोपण लावलं, पुन्हा काढलं. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा. मॅडम साडेअकराला बोलावणार होत्या.

कंपनी पाण्याच्या टाक्या बनवायची. त्यांच्या काळ्या टाक्या शहरातल्या निम्म्या गच्च्यांवर होत्या, त्याच्या स्वतःच्या इमारतीवरही एक होती, आणि टेबलावर तशीच एक तळहाताएवढी टाकी ठेवली होती, झाकणासकट. झाकण उघडून त्याने आत बघितलं. आत टाचण्या होत्या. ‘‘टाकीवाल्यांना फुटबॉलशी काय करायचंय?’’ असं बायकोने काल विचारलं होतं, भाजी निवडता निवडता, आणि मग स्वतःच म्हणाली होती, ‘‘करायचं असेल काहीतरी. दोन्ही पोकळच.’’ ती रुग्णालयात परिचारिका होती आणि माणसं कशी मागतात हे रोज बघायची. खाट मागतात, रक्त मागतात, एक दिवस जास्त मागतात. म्हणून तालीम तिनेच घेतली. ती झाली मॅडम, तो झाला तो. दारातून आत यायचं, नमस्कार करायचा, बसायचं, सांगायचं. तीन वेळा त्याला तिने दारातून परत पाठवलं. ‘‘अहो, तुमचा चेहरा मागायला आल्यासारखा नाहीच. द्यायला आल्यासारखा आहे. वर्गणीच्या पावत्या फाडायला आलेला माणूस दिसता तुम्ही.’’ चौथ्यांदा त्याने चेहरा पाडला. ‘‘आता कोणीतरी गेल्यासारखा दिसतोय,’’ ती म्हणाली. मग चाकू खाली ठेवून, ‘‘सरळ सांगून टाका ना, मी चित्रकलेचा.’’ ‘‘मग कोण उभं करेल?’’ ‘‘उभं नाही केलं तर बसून या.’’ तो हसला होता. पण सरळ सांगायचं म्हणजे कुठून सुरू करायचं हे काही ठरलं नव्हतं, आणि आता सातव्या चौकटीने ते त्याच्या वतीने ठरवून टाकलं होतं.

त्याने पुढच्या चौकटी भरायला घेतल्या, कारण भरलेल्या चौकटींमध्ये एखादी वाईट चौकट लपते. आठवी: लाभार्थींची संख्या. नव्वद. हे तरी खरं होतं. दुसरी, तिसरी, चौथी, प्रत्येकी तीस, कोणी वगळलेलं नाही. खेळाच्या बाई बदली होऊन गेल्या तेव्हा मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, वेळापत्रकावर बोट फिरवलं होतं आणि ते बोट त्याच्यापाशी थांबलं होतं. ‘‘तुमचे तास तसे हलकेच असतात,’’ त्या म्हणाल्या होत्या. हलके. वीस वर्षांनी आपल्या विषयाचं वजन कळलं. ‘‘मुलांना नुसतं मैदानावर न्या. चेंडू द्या. पडू देऊ नका.’’ पडू देऊ नका, हे वाक्य ऐकल्यावर त्याच्या दोन्ही तळहातांना आतून मुंग्या आल्या होत्या, आणि त्या का आल्या हे त्याला त्या क्षणी कळलं नव्हतं. संध्याकाळी हात धुताना कळलं. वडील. वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. शिडीवर उभं राहून, एका हातात डबा, दुसऱ्यात ब्रश, आणि तोंडात श्वास. श्वास तोंडात धरायचा असतो, असं ते म्हणायचे, नाकात धरला तर रेघ थरथरते. गोल काढायचा तर श्वास धरायचा आणि सोडायच्या आत गोल पुरा करायचा. त्यांचा गोल दोरी लावून काढल्यासारखा यायचा. याचा बटाटा यायचा. रोज संध्याकाळी अंगणातल्या फरशीवर ओल्या कोळशाने शंभर गोल काढायचे, आणि पलीकडच्या मोकळ्या जागेत गल्लीतली पोरं फुटबॉल खेळायची. तो जायला उठला की वडील वर न बघता म्हणायचे, ‘‘हात सांभाळ. बोट मोडलं की रेघ संपली.’’ एकदा, नऊ-दहा वर्षांचा असेल, त्याने हुशारीने उत्तर दिलं होतं. रात्रभर घोळवून तयार केलेलं उत्तर. ‘‘बाबा, पण फुटबॉलला हात लावतच नाहीत.’’ वडिलांनी ब्रश पुसला, त्याच्याकडे बघितलं, आणि अगदी शांतपणे म्हणाले, ‘‘पडलास की आधी काय टेकतोस?’’ त्यावर उत्तर नव्हतं. पस्तीस वर्षं झाली, अजून नाही. तो बसला आणि एकशेएकावा बटाटा काढला.

नववी चौकट: कार्यक्रमाचे स्वरूप, शंभर शब्दांत. हीच एक चौकट अशी होती की जिच्यासाठी शंभर शब्द कमी पडतील असं त्याला वाटलं, आणि मग लिहायला लागल्यावर चाळीसच सुचले. पहिल्या दिवशी नव्वद मुलं मैदानात उभी होती आणि नव्वद मुलांपुढे तो. मैदान म्हणजे शाळेच्या मागचा लांबट पट्टा, एका बाजूला शाळा, तीन बाजूंना भिंत. लांबच्या टोकाच्या भिंतीपलीकडे गाड्यांच्या काचा विकणारं दुकान. काचा भिंतीला टेकवूनच उभ्या केलेल्या असायच्या, दुकानदाराने येऊन हात जोडून सांगितलं होतं. म्हणून पहिला नियम ठरला: चेंडू गुडघ्याच्या वर उडता कामा नये. लाथ मारायची नाही. मग फुटबॉलमध्ये करायचं काय? त्याला आणखी काही येत नव्हतं, म्हणून त्याने जे येत होतं ते केलं. कोठीतून फक्कीचं पोतं काढलं, ती पांढरी भुकटी, मैदानावर पट्टे आखायची, आणि एका जुन्या किटलीत भरून तोटीतून सोडत त्याने जमिनीवर रेघ काढली. लांब, वळणांची, एक मोठा आठ, मग आत गुंडाळत जाणारी, मग बाहेर येणारी. ‘‘चेंडू या रेघेवरून न्यायचा,’’ तो म्हणाला. ‘‘रेघ सुटायची नाही.’’ हे म्हणताना त्याला वाटलं, कोणीतरी हसेल. कोणी हसलं नाही. मुलं जिभा बाहेर काढून, चित्र रंगवताना काढतात तशाच, चेंडू रेघेवरून नेऊ लागली. उजव्या पायाने, मग डाव्याने, मग तळव्याखाली घोळवत. महिन्याभरात रेघा गुंतागुंतीच्या झाल्या. तो रात्री वहीत रेघा काढायचा आणि सकाळी मैदानात उतरवायचा. चेंडू फक्कीवरून फिरून फिरून पांढरे व्हायचे, मुलांचे बूट पांढरे, मोजे पांढरे, आया तक्रार करायच्या. चित्रकलेच्या तासाला खिडकीतून बाहेर बघणारी पोरं इथे मान वर करत नव्हती. मुलं त्याला रेघवाले सर म्हणायला लागली. वीस वर्षांत त्याला कोणी टोपणनावही ठेवलं नव्हतं. मास्तराला टोपणनाव नसणं म्हणजे तो वर्गात आला काय आणि गेला काय. हे त्याने चौकटीत लिहिलं नाही. ‘मैदानावर आखलेल्या रेषांच्या साह्याने चेंडूवर नियंत्रण’ असं लिहिलं. वाचायला अगदी सरकारी वाटत होतं.

‘‘सर, पाणी?’’ टेबलामागची मुलगी म्हणाली. त्याने मान हलवली. तिने ती हो अशी घेतली आणि पाणी आणून ठेवलं. अकरा वीस. पुढच्या सोमवारपासून मैदानाचा अर्धा पट्टा शाळेच्या बसगाड्या उभ्या करायला जाणार होता आणि खेळाचे दोन्ही तास संगणकाला. संस्थेने ठरवलंच होतं. मोठ्या बाईंनी त्यातल्या त्यात फट ठेवली होती: ‘‘बाहेरचा प्रायोजक आणा. कंपनीचं पत्र असेल तर मी त्यांच्यापुढे ठेवू शकते. नुसत्या तुमच्या रेघा मी कुठे ठेवू? आज शेवटच्या तासाच्या आत पत्र आणा, नाहीतर मला जबाबदार धरू नका.’’ आज म्हणजे आजच. याआधी तो तीन ठिकाणी जाऊन आला होता. पंखेवाल्यांनी क्रिकेट असेल तर बघू म्हटलं. बूटवाल्यांनी मोठी मुलं नाहीत का विचारलं. बिस्किटवाल्यांनी एक पुडा दिला. टाकीवाले चौथे, आणि त्यांनी निदान अर्ज दिला होता.

दहावी चौकट: आतापर्यंतची कामगिरी (सामने, विजय, पारितोषिके). पेन थांबलं. खरं म्हणजे पेन सातव्या चौकटीत थांबायला हवं होतं, तिथे धावलं आणि इथे थांबलं. एक सामना झाला होता. एकच. गेल्या महिन्यात, नदीपलीकडच्या एका शाळेच्या मैदानावर, खऱ्या खांबांचं आणि जाळीचं गोल असलेल्या. त्यांच्याकडे शिट्टीवाला प्रशिक्षक होता, दंडावर घड्याळ बांधलेला. याच्याकडे किटली होती, पण ती आणली नव्हती, कारण सामन्यात रेघ कोणी काढून देत नाही, एवढं त्याला समजत होतं. शिट्टी झाली. आणि त्याची मुलं खेळायला लागली तेव्हा त्याचे केस उभे राहिले, कारण चेंडू कोणाला मिळेचना. त्यांच्या पायाला तो चिकटला होता. ती आठ काढत होती, वळत होती, समोरची धिप्पाड पोरं इकडून तिकडे नुसती धापा टाकत होती. कडेला उभे पालक आधी गप्प झाले. मग चौथीतली एक मुलगी, लांब आणि किडकिडीत, जिला सगळे पेन्सिल म्हणत, चेंडू घेऊन निघाली. एक गेला, दुसरा गेला, तिसरा तिच्या मागे वळताना बसलाच. गोलाच्या तोंडाशी ती आली. समोर एकटा गोली, तोही घाबरून एका बाजूला झालेला. आणि पेन्सिल त्या खांबाला सुबक वळसा घालून, जाळीच्या मागून, चेंडूसकट, परत आली. जशी रोज मैदानात रेघेच्या वळणावर ठेवलेल्या विटेला वळसा घालून परत यायची तशी. एकही पाऊल न चुकता.

हशा असा उसळला की पाखरं उडाली. शिट्टीवाल्याने डोळे पुसले. ‘‘अहो मास्तर, पोरगी प्रदक्षिणा घालतीये का काय?’’ आणि हाही हसला. ते हसणं अजून त्याच्या तोंडात होतं, काढून टाकता न आलेलं, दाताच्या फटीत अडकलेल्या काडीसारखं. तो त्या लोकांबरोबर हसला, जणू तोही त्यांच्यातलाच एक, या पोरीला कोणी दुसऱ्यानेच शिकवलंय. सहा-शून्य. चेंडू जवळजवळ सगळा वेळ यांच्याकडे आणि गोल सगळे त्यांचे. गोल मारायचा असतो हे मुलांना माहीत होतं, टीव्हीवर बघितलंच होतं की. पण पायांना माहीत नव्हतं. दीड वर्ष पायांना एकच गोष्ट सांगितली होती, रेघ सुटायची नाही, आणि रेघ कधी कुठे जाऊन पोचायची हे त्याने एकदाही सांगितलं नव्हतं. त्याच्या सगळ्या रेघा जिथून सुरू होत तिथेच येऊन संपत. सामना संपल्यावर पेन्सिल घामाने निथळत त्याच्यापुढे उभी राहिली. रडत वगैरे नव्हती. लोक का हसले ते तिला कळलं नव्हतं, किंवा कळलं असेल आणि तिने ते बाजूला ठेवलं असेल. ‘‘सर, रेघ बरोबर गेली ना?’’ तिने विचारलं. ‘‘बरोबर गेली,’’ तो म्हणाला. शाळेत येऊन सांगितलं, हरलो, लहान आहेत. बायकोलाही एवढंच सांगितलं. दहाव्या चौकटीत त्याने ‘एक सामना’ असं लिहिलं आणि पुढे जागा सोडली.

‘‘सर, जा आत. मॅडम मोकळ्या आहेत.’’

मॅडम तिशीतल्या, नाक लाल, टेबलावर रुमालांची चळत. ‘‘या सर, बसा. लांब बसा, मला सर्दी झालीये,’’ त्या म्हणाल्या. तो लांबची खुर्ची शोधायला लागला तर खोलीत एकच खुर्ची होती. तो तीच मागे सरकवून बसला. खिडकीतून पलीकडच्या गच्च्या दिसत होत्या आणि गच्च्यांवर त्यांच्या टाक्या, वाण्याच्या दुकानातल्या बरण्यांसारख्या ओळीने. बायकोने शिकवलेलं पहिलं वाक्य त्याला आठवेना. मॅडमनी अर्ज ओढला आणि वाचायला लागल्या, ओठ हलवत. ‘‘नव्वद... प्राथमिक... चांगलंय. आम्हाला लहान मुलं हवीच असतात, फोटो छान येतात. स्पष्ट सांगते हं, राग मानू नका.’’

‘‘नाही नाही.’’

‘‘वीस वर्षं. अरे वा. माझा दादा खेळायचा. गुडघ्याची वाट लावून घेतली. तुम्ही कुठे खेळायचात?’’

‘‘कुठे म्हणजे...’’

‘‘मैदानात. जागा कुठली तुमची?’’

‘‘मधे,’’ तो म्हणाला.

‘‘मधे म्हणजे? डावीकडे, उजवीकडे?’’

‘‘मधे म्हणजे... मधेच.’’

मॅडम शिंकल्या. शिंकताना डोळे मिटतात. तेवढ्या वेळात त्याला अंगणातली फरशी दिसली, ओला कोळसा, आणि पलीकडे ओरडणारी पोरं, ज्यांच्यात तो मधे, डावीकडे, उजवीकडे कुठेच नव्हता. वर्गात त्याचा एक जुना नियम होता. त्याच्या तासाला खोडरबर दप्तरात. चुकलेली रेघ खोडायची नाही. तिच्या शेजारी बरोबर रेघ काढायची. दोन्ही दिसल्या पाहिजेत, म्हणजे डोळ्याला कळतं कुठे चुकलं. खोडलेल्या कागदावर फक्त खोडलेलं कळतं. वीस वर्षं तो हे सांगत आला होता आणि मुलं गुपचूप बाकाखाली खोडरबर वापरत आली होती, आणि आज पहिल्यांदा त्याला त्यांच्याबद्दल सहानुभूती वाटली.

‘‘जरा देता अर्ज?’’ तो म्हणाला.

‘‘खोडू नका हं.’’

‘‘खोडत नाही.’’ सातव्या चौकटीत वीस वर्षांच्या उजवीकडे थोडी जागा उरली होती. तिथे त्याने तितक्याच सुरेख अक्षरात लिहिलं: हा चित्रकला शिकवण्याचा. फुटबॉल शिकवण्याचा दीड वर्ष. खेळण्याचा नाही. आणि हात चालूच होता म्हणून दहाव्या चौकटीतल्या एका सामन्यापुढे लिहिलं: सहा-शून्य, हरलो. अर्ज त्याने फिरवून त्यांच्यापुढे ठेवला. मॅडमनी वाचलं. पुन्हा वाचलं. रुमाल नाकाशी तसाच राहिला.

‘‘म्हणजे तुम्ही खेळलाच नाहीत?’’

‘‘नाही.’’

‘‘मग मधे कुठे होतात मघाशी?’’

यावर त्याला खरंच हसू आलं, दाताच्या फटीतलं नव्हे, दुसरं. मग त्याने सांगितलं. फक्की, किटली, काचवाला, गुडघ्याचा नियम. सामना सांगितला, पेन्सिलने खांबाला घातलेला वळसा सांगितला, आणि आपण हसलो तेही सांगितलं. ते सांगायचं ठरवलं नव्हतं, पण वाक्य त्या बाजूलाच उताराला लागलं. मॅडम वळशापाशी हसायला लागल्या, हसता हसता खोकल्या, पाणी प्यायल्या. मग त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. ‘‘माझ्या दादाला बारा वर्षं कोचिंग होतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्याला नाही यायचं असं. चेंडू आला की तो लाथच घालायचा.’’

अर्जावर त्यांनी टिचकी मारली. ‘‘ऐका सर. आमची पद्धत अशी की सोळा मुलं निवडायची, त्यांना कपडे, वर्षाअखेर करंडक, त्यावर आमची टाकी. सोळा निवडून द्या, मी आत्ता पत्र देते.’’

‘‘नव्वद,’’ तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःला अनोळखी वाटला, भाजीवाल्याशी बोलताना बायकोचा असतो तसा.

‘‘नव्वद जणांना करंडक कसा उचलता येईल?’’

‘‘करंडक नको. चेंडू द्या. आणि पत्र. सोळा निवडायचे तर मला कोण चांगलं ते कळतच नाही हो. मी त्यांना रेघ देतो, सगळेच नेतात.’’

मॅडमनी बराच वेळ पेन हातात फिरवलं. ‘‘बरं. नव्वद. ते मी वर पटवते, नव्वद मुलं एका फोटोत म्हणजे वाईट नाही. पण मग दुसरी गोष्ट तुम्ही ऐका. त्या मुलांना गोल मारायला कोण शिकवणार?’’

त्याने अर्जावरच्या सहा-शून्यकडे बघितलं.

‘‘तुम्हीच लिहिलंय ना. वाईट वाटून घेऊ नका, पण माझ्या वरच्यांनी विचारलं तर मी काय सांगू, चित्रकलेचे सर आहेत? आमच्याकडे एक प्रशिक्षक आहे, शिकलेला, दोन शाळांत जातो. तिसरी तुमची. दोन्ही तास तो घेईल. तुम्ही तुमच्या चित्रकलेला मोकळे. तेवढाच भार कमी.’’

भार कमी. हलके तास. त्याने खिडकीतून बाहेर बघितलं. टाक्या. प्रत्येक टाकीवर झाकण, गोल. मागायला आलो ते मिळतंय, त्याने स्वतःला सांगितलं, अगदी पाढा म्हणावा तसं. मैदान राहतंय, तास राहतात, नव्वदच्या नव्वद राहतात. एक कमी होतो. नव्वदात एकाची वजाबाकी तशी काही मोठी नाही, आणि तो एक तर लाभार्थींच्या चौकटीत धरलेलाच नव्हता. तरी तळहातांना मुंग्या आल्या. ‘‘त्या प्रशिक्षकाला,’’ तो म्हणाला, ‘‘फक्की चालेल का?’’

‘‘विचारून बघा की.’’

‘‘बरं,’’ तो म्हणाला. ‘‘द्या पत्र.’’

शेवटच्या चौकटीत, प्रशिक्षक, मॅडमनी स्वतःच्या हाताने ‘कंपनीतर्फे’ असं लिहिलं. अक्षर वाईट होतं. ‘‘आणि हे मशीन...’’ तो म्हणाला. ‘‘कुठे खोडलंय?’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘शेजारी लिहिलंय.’’ बाहेर पडताना टेबलामागच्या मुलीने विचारलं, ‘‘झालं काम?’’ तो म्हणाला, ‘‘झालं.’’ रस्त्यात त्याने बायकोला फोन केला. ‘‘उभं केलं का?’’ तिने विचारलं. मागे कोणाचं तरी यंत्र टुकटुक वाजत होतं. ‘‘केलं. मुलांना केलं. मला बसवलं.’’ ‘‘जेवलात का?’’ ती म्हणाली. तिच्या बोलण्यात याचा अर्थ पुष्कळ काही असायचा.

मोठ्या बाईंनी पत्र दोनदा वाचलं, उजेडाला धरून शिक्का बघितला आणि म्हणाल्या, ‘‘वा. बरं झालं, तुमचीही सुटका झाली.’’ तो हो म्हणाला. शेवटचा तास सुरू व्हायला सात मिनिटं होती. कोठीतून त्याने पोतं काढलं, किटली भरली. प्रशिक्षक सोमवारी येणार होता, आज शुक्रवार. वहीत आजची रेघ काढलेली होती, चांगली गुंतागुंतीची, तीन आठ एकात एक. ती त्याने काढली नाही. शाळेच्या दारापासून सुरुवात केली, एक वळण, दुसरं, आणि मग रेघ सरळ केली. काचवाल्याच्या भिंतीच्या दिशेने. पाऊल, पाऊल, पाऊल. भिंतीपासून दहा पावलांवर त्याने किटलीची तोटी वर केली. रेघ तिथेच तुटली, पुढे नुसती माती. ती भिंत ओल येऊन येऊन काळी पडली होती. खिशातल्या खडूने त्याने तिच्यावर तीन रेघा ओढल्या, दोन उभ्या, वर एक आडवी, त्याच्या खांद्याच्या उंचीवर. मुलं ओळीत उभी राहून बघत होती. कोणीतरी म्हणालं, सर आज चुकले.

पेन्सिल पहिली निघाली. दोन्ही वळणं तिने डोळे मिटून घेतली असती. सरळ रेघेवर ती जरा बावचळली, सरळ रेघ तिच्या पायांना ठाऊक नव्हती. टोकाला येऊन थांबली, चेंडू तळव्याखाली.

‘‘सर, रेघ संपली.’’

‘‘हो.’’

‘‘मग वळू?’’

‘‘वळू नको. मार.’’

‘‘कुठे?’’

‘‘त्या चौकटीत.’’

तिने भिंतीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. ‘‘गुडघ्याच्या वर गेला तर?’’

‘‘जाऊ दे.’’

भिंतीवर लिही म्हणून मास्तरानेच सांगितल्यासारखी ती उभी राहिली. मग दोन पावलं मागे गेली, आली, आणि बुटाच्या टोकाने मारला. ते चूक असावं. बरोबर काय ते त्याला माहीत नव्हतं. सोमवारी येणाऱ्याला असेल. मारता मारता ती घसरली, पडली, आणि दोन्ही हात टेकले. चेंडू भिंतीवर आपटला, मोठ्या दारावर थाप पडावी तसा आवाज झाला, आणि नव्वद मुलं एकदम गप्प झाली. पलीकडून काचवाला ओरडला, ‘‘काय रे ए!’’ काही फुटलं नाही. पेन्सिल उठली, हात फ्रॉकला पुसले, तळहातांवर खड्यांचे वण उठले होते, बोटं दहाच्या दहा होती.

चौकटीच्या बाहेर, उभ्या रेघेपासून वीतभर, काळ्या भिंतीवर चेंडूची फक्की उमटली होती. तो जवळ गेला. पांढरा गोल. कुठे चेपला नव्हता, कुठे फुगला नव्हता. त्याने श्वास तोंडात धरला होता हे त्याला सोडल्यावर कळलं.

‘‘हुकला,’’ पेन्सिल त्याच्यामागे येऊन म्हणाली. तिने फ्रॉकचं टोक धरलं, थुंकी लावली. ‘‘पुसू, सर?’’

‘‘पुसायचा नाही,’’ तो म्हणाला. ‘‘त्याच्या शेजारी दुसरा मार.’’